मोबाइलचे कुलूप

भारतीय घरांत फोनला कुलूप लावण्याची प्रथा मोबाइलपेक्षा जुनी आहे. टेलिफोनच्या तबकडीच्या भोकात बसवायचे छोटे कुलूप बाजारात मिळे. ते लावले की आलेला फोन घेता येई, पण बाहेर लावता येत नसे. पुढे ठरावीक आकडे दाबून एसटीडी बंद ठेवण्याची सोय आली. दोन्हींमागची धास्ती एकच होती, बिलाची. फोनमध्ये चोरण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल सेवा सुरू झाली. त्या काळच्या हँडसेटचे कीपॅड लॉक खिशात बटणे आपोआप दाबली जाऊ नयेत एवढ्यासाठी होते. ते कोणालाही उघडता येई. खरे कुलूप सिमकार्डाच्या पिनचे. तो तीनदा चुकला की सिम अडकते आणि कंपनीकडून आठ आकडी पीयूके कोड घ्यावा लागतो.

स्मार्टफोनने ही स्थिती पालटली, कारण पत्रव्यवहार, फोटो आणि बँक एकाच वस्तूत आले. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर नऊ ठिपके जोडण्याचा पॅटर्न होता. त्याचे ३,८९,११२ प्रकार संभवतात. पण काचेवर उरलेल्या बोटाच्या तेलकट रेघेवरून तो ओळखता येतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले. आकडी कोडची गत याहून वेगळी नव्हती. २०११ मध्ये एका ॲप-निर्मात्याने आपल्या ॲपमध्ये लोकांनी टाकलेले दोन लाखांवर चार आकडी कोड तपासले, तेव्हा १२३४ पहिला आला आणि केवळ दहा कोडांनी सुमारे १५ टक्के वाटा उचललेला दिसला.

याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. दिवसातून पन्नास-साठ वेळा फोन उघडणाऱ्याला प्रत्येक वेळी आकडे टाकणे जाचकच वाटणार. २०१३ मध्ये बोटाचा ठसा ओळखणारा आयफोन आणताना ॲपलनेच सांगितले की सुमारे निम्मे ग्राहक पासकोड ठेवतच नाहीत. कुलूप लावा म्हणून लोकांना वर्षानुवर्षे सांगून जे झाले नाही, ते बोट टेकवण्याच्या सोयीने पुष्कळसे साधले. २०१६ च्या सुमारास दहा हजार रुपयांच्या आतबाहेरच्या फोनमध्येही ठशाची सोय आली, आणि भारतात ही सवय रुळायला तेव्हा वाव मिळाला.

त्याच वर्षी पैसाही फोनमध्ये आला. एप्रिलमध्ये यूपीआयची घोषणा झाली, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. भाजीवाल्याला पैसे देण्यासाठीही फोन लागू लागला, तसे त्याचे कुलूप खिशातल्या पाकिटाइतके निकडीचे झाले.

घरातली माणसे हा याहून नाजूक भाग. पाश्चात्त्य कल्पनेत फोन एकाचा असतो. इथे तो मुलाच्या अभ्यासाला, सासूच्या व्हिडिओ कॉलला, नवऱ्याच्या रिचार्जलाही लागतो. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातील स्त्रियांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की फोन मागितला तर नाही म्हणणे त्यांना अवघड जाते. मग त्या निवडक ॲपला वेगळे कुलूप लावतात, नकोसे मेसेज पुसून टाकतात. सुरक्षेच्या सल्ल्यांत परका चोर असतो. या स्त्रियांपुढे मात्र घरचेच डोळे असतात. त्यांची ही युक्ती कच्ची समजण्याचे कारण नाही, ती त्यांच्या परिस्थितीला अचूक बसणारी आहे.

चोरीविरुद्धची कुलपे मालकाच्या सवयीवर फारशी सोडलेली नाहीत. २०१३ पासून आयफोन जुन्या मालकाच्या पासवर्डाशिवाय नव्याने सुरू होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून नव्या स्मार्टफोनवर अशी सोय सक्तीची केली. भारतात चोरीचा फोन हँडसेटच्या आयएमईआय या ओळख क्रमांकावरून सर्व नेटवर्कवर बंद करणारी सीईआयआर व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर पोहोचली. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते.

ठशामागे मात्र आकडी कोड राहिलाच. बोट ओले असले, फोन बंद करून चालू केला की तोच विचारला जातो. अमेरिकेत गर्दीच्या जागी हा कोड डोकावून पाहायचा आणि मग फोन पळवायचा, असे प्रकार वाढले. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने त्यावर एक ऐच्छिक सोय दिली: ती चालू असेल तर नेहमीच्या ठिकाणांपासून दूर असताना खात्याचा पासवर्ड नुसत्या कोडवर बदलता येत नाही, चेहरा किंवा ठसा द्यावा लागतो आणि वर तासभर थांबावे लागते.