कोसळलेल्या संगणकाचा पंचनामा

काम ऐन भरात असताना संगणकाचा पडदा एकाएकी निळा होतो, पांढऱ्या अक्षरांत चार ओळी उमटतात आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. विंडोज वापरणाऱ्यांच्या परिचयाच्या या निळ्या पडद्याऐवजी विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत काळा पडदा आणण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये जाहीर केले. रंग बदलला, तरी मूळ प्रश्न कायम आहे : संगणक कशामुळे कोसळला? मागे उरलेला पुरावा बहुधा तुटपुंजा असतो आणि तेवढ्यावरून घाईने काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. जुलै २०२४ मध्ये त्याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला.

कर्नल म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला द्यायचा, मेमरीचा कोणता भाग कोणी वापरायचा, हे तो ठरवतो. एखादा साधा प्रोग्रॅम चुकला, तर कर्नल तेवढाच बंद करतो. बाकीचे काम सुरू राहते. मात्र चूक खुद्द कर्नलमध्ये किंवा त्याच्याइतकेच अधिकार असलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये झाली, तर तिला आवरणारे वर कोणी नसते. बिघडलेली माहिती डिस्कवर लिहिली जाऊन अधिक हानी होऊ नये, यासाठी कर्नल स्वतःच सर्व व्यवहार थांबवतो.

पुरावा अपुरा का?

थांबण्याच्या क्षणी विंडोज मेमरीतील माहिती डिस्कवरील 'पेज फाइल'मध्ये उतरवते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तिची स्वतंत्र 'डम्प' फाइल तयार करते. डिस्कच नादुरुस्त असेल, तर हाती काहीच लागत नाही. 'मिनिडम्प' हा छोटा प्रकार विंडोज १० मध्ये अवघ्या २५६ किलोबाइटचा असतो. त्यात बिघाडाचा क्रमांक, त्यासोबतची चार मूल्ये, चालू असलेल्या ड्रायव्हरची यादी आणि शेवटच्या क्षणी कोणत्या कार्याने कोणाला बोलावले होते त्याची साखळी एवढेच मिळते. ज्या माहितीमुळे घोटाळा झाला, ती बहुतेक वेळा त्यात नसते.

लिनक्समध्ये 'केडम्प' ही सोय आहे. तिच्यात मेमरीचा एक कोपरा राखून तेथे दुसरा कर्नल सज्ज ठेवलेला असतो. पहिला कोसळताच दुसरा ताबा घेऊन मेमरीची प्रत काढतो. ही व्यवस्था आधीच केलेली नसेल, तर पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचे छायाचित्र, एवढाच पुरावा उरू शकतो.

दुसरी अडचण नावांची. डम्पमध्ये मेमरीतील पत्त्यांचे आकडे असतात. कोणता आकडा कोणत्या कार्याचा, हे 'सिम्बॉल' फायलींवरून कळते. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या प्रणालीच्या अशा फायली खुल्या ठेवते. इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरच्या फायली मात्र सहसा बाहेर मिळत नाहीत.

१९ जुलैचा धडा

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' या अमेरिकी कंपनीने आपल्या 'फाल्कन' सुरक्षा प्रणालीसाठी एक नवी फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना त्याचा फटका बसला. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. पण अनेक संगणक सुरू होता होताच पुन्हा कोसळत असल्याने तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जाऊन 'सेफ मोड'मध्ये ती काढून टाकावी लागली. मुंबई, दिल्लीसह देशातील विमानतळांवर कामे हाताने करण्याची वेळ आली. काही प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास मिळाले.

काही तासांतच एका डम्पचा तुकडा इंटरनेटवर फिरू लागला. ड्रायव्हरने वाचू पाहिलेला पत्ता त्यात '९सी', म्हणजे दशमान पद्धतीत १५६ होता. इतका लहान पत्ता दिसला, की तो शून्य पत्त्यापासून मोजला गेला असावा, असा तर्क सहसा केला जातो. प्रोग्रॅमरने शून्य तपासण्याची साधी काळजी घेतली नाही, असा निष्कर्ष वाऱ्यासारखा पसरला. काही संगणकांत तीच फाइल केवळ शून्यांनी भरलेली आढळल्याने संशय आणखी बळावला.

दोन्ही तर्क चुकीचे ठरले. कोसळण्याच्या आधीच्या सूचना जाणकारांनी वाचल्या, तेव्हा शून्याची तपासणी तेथे आधीपासूनच असल्याचे दिसले. अन्य संगणकांच्या डम्पमध्ये पत्ता निराळाच आणि बराच मोठा होता. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने केलेल्या विश्लेषणातही मेमरीच्या मर्यादेबाहेरचे वाचन, हाच दोष दिसला. कंपनीने ६ ऑगस्टला दिलेल्या अहवालात मूळ कारण स्पष्ट झाले : तपासणीचे नियम २१ मूल्ये गृहीत धरत होते, प्रत्यक्षात २०च पुरवली जात होती. आधीच्या फायलींत एकविसाव्या मूल्याला 'काहीही चालेल' अशी मुभा असल्याने ते कधी वाचलेच गेले नव्हते. १९ जुलैच्या फाइलने ते प्रथमच वाचायला लावले. फेब्रुवारीपासून दडलेला दोष असा जुलैमध्ये उघड झाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी

या प्रकरणात ठिकाण तरी बरोबर सापडले होते. कारण तेवढे चुकले. पुष्कळदा ठिकाणही फसवे असते. एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत नकळत काहीतरी लिहून जातो आणि काही वेळाने तो दुसराच कोसळतो. डम्पमध्ये नाव येते ते त्याचे. म्हणून 'कोठे थांबला' या उत्तराला 'का थांबला' याचे उत्तर मानू नये, हा या तपासाचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम तुलनेचा. क्रमांक आणि ठिकाण दर वेळी तेच असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर जातो. दोन्ही दर खेपेस बदलत असतील, तर आधी मेमरीचिप तपासणे शहाणपणाचे. विंडोजमधील '१२४' हा क्रमांक तर प्रामुख्याने हार्डवेअरच्या बिघाडाकडेच बोट दाखवतो.

तिसरा नियम पुरावा वाढवण्याचा. विंडोजमधील 'ड्रायव्हर व्हेरिफायर' संशयित ड्रायव्हरवर कडक पहारा ठेवतो, त्यामुळे अनेक चुका घडल्या क्षणीच पकडल्या जातात. लिनक्समध्ये चांगली आणि बिघडलेली आवृत्ती ठाऊक असल्यास मधली आवृत्ती चालवून पाहतात आणि दर वेळी निम्मे बदल संशयातून वगळतात. या रीतीने सुमारे हजार बदलांतील दोषी बदल दहा चाचण्यांत गाठता येतो. त्यासाठी सिम्बॉल फाइलही लागत नाही. बिघाड पुन्हा घडवून आणता आला, म्हणजे झाले.

संगणक कोसळल्यास...

- पडद्यावरील बिघाडाचा क्रमांक व फाइलचे नाव टिपून ठेवावे.
- 'सी' ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमधील 'मिनिडम्प' फोल्डरची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. सिस्टिम नव्याने टाकण्यापूर्वी हे अवश्य करावे.
- अलीकडे कोणता नवा ड्रायव्हर, अपडेट किंवा मेमरीचिप बसवली, ते तारखेसह नोंदवावे.
- एका वेळी एकच बदल करून पाहावा. अन्यथा बिघाड कशाने दूर झाला, ते समजत नाही.
- एकाच डम्पवर विसंबू नये. दुसरा मिळेपर्यंत पहिला निष्कर्ष कच्चाच समजावा.