तांबं तेवढंच, तरी विष जास्त कसं? समुद्राचा पीएच आणि आपली खाडी

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात, समुद्र नाही. पण इथली कामवारी नदी उल्हासच्या खाडीला मिळते आणि ते पाणी पुढे वसईजवळ अरबी समुद्रात जातं. कापडाच्या काही रंगांत, विशेषतः फिरोजी छटांत, तांबं असतं. बोटींच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या रंगातही तेच. म्हणून समुद्राचं आम्लीकरण समजून घ्यायला मी तांबंच निवडलं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच सुमारे ८.२ होता, आता ८.१ आहे. किरकोळ वाटतं ना? पण हे स्केल लॉगरिदमिक आहे. फोनच्या कॅल्क्युलेटरवर सायंटिफिक मोडमध्ये १० चा ०.१ घात काढा. उत्तर येईल १.२६, म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्के वाढले. ०.३ टाकलं तर जवळपास दुप्पट. (पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे बरं का, समुद्राचं लिंबूपाणी झालेलं नाही.)

आता तांबं. समुद्रात ते बहुतेक मोकळं नसतं, सेंद्रिय पदार्थांना आणि कार्बोनेटला बांधलेलं असतं. जीवांना खरा धोका मोकळ्या आयनचा. तो कल्ल्यांवर बसतो आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतो. पीएच उतरला की कार्बोनेट कमी होतं आणि मोकळ्या तांब्याचं प्रमाण वाढतं. एकूण तांबं मोजणाऱ्या चाचणीत मात्र आकडा तोच येतो! लॉग स्वच्छ दिसतो आणि ॲप क्रॅश होतं, तसंच हे.

ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये शिनाणे आणि समुद्री अर्चिन यांच्यावर हे तपासलं. कमी पीएचच्या पाण्यात तेवढ्याच तांब्याने डीएनएचं नुकसान वाढलं, पण दोघांत सारखं नाही. शिनाण्यांना जास्त फटका बसला.

सगळ्याच धातूंचं असं होत नाही. कॅडमियम आणि पारा खाऱ्या पाण्यात मुख्यतः क्लोराइडला बांधलेले असतात, त्यामुळे पीएचचा त्यांच्यावर थेट परिणाम कमी. शिवाय वाढलेले हायड्रोजन आयन कल्ल्यांवरच्या जागेसाठी धातूशी स्पर्धा करतात, तेव्हा विषारीपणा कधी कधी घटतोही. ‘आम्ल वाढलं की प्रत्येक धातू विषारी’ असं फॉरवर्ड आलं तर पुढे ढकलू नका.

खाडीत आणखी एक गोष्ट घडते. सांडपाणी कुजताना जिवाणू तिथल्या तिथे कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे निवट्या, तिसऱ्या, कालवं राहतात तिथे पीएच उघड्या समुद्रापेक्षा बराच खाली जाऊ शकतो. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असतं, म्हणून पहाटे तो आणखी उतरतो. खाडीच्या पाण्याचा एखादा अहवाल हाती आला तर तांब्याच्या आकड्याशेजारी पीएच दिलाय का ते बघा, आणि नमुना किती वाजता घेतला तेही.