तूरिनमधला अर्धा तास : नाकाता, पासपोर्ट आणि रोमाचे अजिंक्यपद

6 मे 2001. तूरिनच्या देल्ले आल्पी मैदानावर इटालियन लीगच्या अग्रस्थानी असलेला रोमा आणि त्याचा पाठलाग करणारा युव्हेंटस समोरासमोर आले. पहिल्या सहा मिनिटांतच देल पिएरो आणि झिदान यांनी युव्हेंटसला 2-0 अशी आघाडी मिळवून दिली. साठाव्या मिनिटाला रोमाचे प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो यांनी कर्णधार फ्रांचेस्को तोत्तीलाच बाहेर बोलावले. तोत्ती म्हणजे रोम शहराचे दैवत. त्याच्या जागी उतरला हिदेतोशी नाकाता, 24 वर्षांचा जपानी मध्यरक्षक.

आठवडाभर आधी हा बदल कापेल्लोंना इतक्या सहज करता आला नसता. युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू एका सामन्यात वापरता येतील, असा इटलीत नियम होता. त्यामुळे रोमाच्या तारांकित संघात नाकाता अनेकदा प्रेक्षकच ठरे. याच हंगामात काही परदेशी खेळाडूंचे युरोपीय पासपोर्ट बनावट असल्याची प्रकरणे गाजत होती. आडनावाच्या आधारे युरोपीय आजोबा-पणजोबा शोधण्याची सोय दक्षिण अमेरिकेतल्या खेळाडूंना तरी होती. यामानाशी प्रांतातल्या कोफू गावी जन्मलेल्या नाकाताला ती कुठून असणार? मेच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम ऐन रंगात असताना, ही मर्यादा उठवण्यात आली. चालू हंगामात नियम बदलल्याची युव्हेंटसच्या गोटातली तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

नाकाता इथवर पोहोचला कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1993पर्यंत जपानमध्ये व्यावसायिक लीगच नव्हती. मोठ्या कंपन्यांचे संघ आपसांत खेळत. यासुहिको ओकुदेरा 1977 मध्ये जर्मनीतल्या कोलोन संघात गेला आणि पुढच्याच वर्षी त्या संघासह लीग व चषक दोन्ही जिंकला, पण त्याच्या वाटेने जाणारे फार थोडे निघाले. 1994 मध्ये काझुयोशी मिउरा जेनोआकडून इटलीत खेळला, तो हंगामभरात एकच गोल करून परतला. जपानी खेळाडू घ्यायचा तो जपानमध्ये जर्सी खपवण्यासाठी, ही समजूत त्यानंतर घट्ट झाली.

नाकाता 1998 मध्ये पेरुजाकडे आला, तेव्हा हाच शेरा त्याच्याही वाट्याला आला. वास्तविक नोव्हेंबर 1997 मध्ये जोहोर बाहरू येथे इराणला 3-2 असे हरवून जपानने पहिल्यांदा विश्वचषक गाठला, त्या तिन्ही गोलांमागे त्याचाच पाय होता. परंतु आशियातल्या अशा पराक्रमाचे मोल इटलीत फारसे नव्हते. 13 सप्टेंबर 1998 रोजी लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, विद्यमान विजेत्या युव्हेंटसविरुद्ध त्याने दोन गोल केले. पेरुजा 3-4 असा हरला खरा, पण हंगामाअखेर नाकाताच्या नावावर लीगमधले 10 गोल होते. जर्सीही खपल्याच, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता पुन्हा तूरिन. 79व्या मिनिटाला नाकाताने दुरून मारलेला फटका थेट जाळ्यात गेला. सामना संपत आला असताना त्याने पुन्हा दुरूनच फटका लगावला. गोलरक्षक व्हान डर सारने तो अडवला, पण चेंडू हातात राहिला नाही आणि मोन्तेल्लाने तो आत ढकलला. 2-2.

हंगामाअखेर रोमाचे 75 गुण झाले, युव्हेंटसचे 73. तूरिनमध्ये युव्हेंटस जिंकला असता आणि बाकी सारे निकाल तसेच राहिले असते, तर हेच आकडे 74 आणि 75 झाले असते. ‘बाकी सारे तसेच’ हे गृहीतक इतिहासात फार काळ टिकत नाही, हे मान्य. तरीही बाकावरच्या एका माणसाचे वजन त्यातून कळते.

मेअखेरीस आणि जूनमध्ये जपान व दक्षिण कोरियात कॉन्फेडरेशन्स चषक स्पर्धा झाली. मुसळधार पावसात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला एकमेव गोल नाकाताचाच होता. अंतिम सामन्यासाठी मात्र तो थांबला नाही. अजिंक्यपदाच्या शर्यतीतल्या रोमाकडे परतला. त्याच्याविना जपान फ्रान्सकडून 0-1 असा हरला. 17 जूनला पार्माला 3-1 असे नमवून रोमा विजेता ठरला आणि त्याच उन्हाळ्यात नाकाता पार्माकडेच विकला गेला. पार्मात त्याने 2002चा इटालियन चषक जिंकला. त्यापुढचा क्लब फुटबॉलमधला प्रवास उतरणीचाच म्हणावा लागेल.

22 जून 2006 रोजी डॉर्टमुंडमध्ये ब्राझीलकडून 1-4 असा पराभव झाल्यावर तो मैदानाच्या मध्यावर बराच वेळ उताणा पडून होता. जुलैच्या सुरुवातीला, अवघ्या 29व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या पहिल्या विश्वचषकात, 1998 मध्ये, जपानचे सर्वच्या सर्व 22 खेळाडू मायदेशातल्या क्लबांचे होते. 2006च्या संघात इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या क्लबांकडून खेळणारे जपानी होते.