विचारणाऱ्याचे नाव



बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले. पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव दिले. मिलिंद म्हणजे यवन राजा. त्याने भन्ते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले. नाव दिले ते उत्तर देणाऱ्याचे नव्हे, विचारणाऱ्याचे!

१४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्यापायी आपल्याच जिल्ह्यातले पोचिराम कांबळे १९७८ साली शहीद झाले. त्या विद्यापीठात पाली व बौद्ध धम्म शिकवतात. कुण्याही धर्माचं लेकरू तिथे बसू शकतं.

मग आपल्या इस्लापुरात वर्षावासाचे ग्रंथवाचन आपल्यापुरतेच का? मुसलमान, बंजारा, आदिवासी, मराठा शेजाऱ्यांना बोलावू. त्यांनी विचारावे, आपणही त्यांना विचारावे. उत्तर आले नाही तर लाजू नये, वाचायला बसावे.