नाव परतले म्हणून बिअर खोटी ठरत नाही

पूर्वपक्ष असा. ब्रिटनमधल्या बंद पडलेल्या ब्रुअऱ्यांची नावे कोणी तरी मिळवतो आणि आपल्या बिअरला लावतो. मूळ वास्तू गेली, कारागीर पांगले. मग जुने नाव वापरणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक नव्हे काय? असे म्हणणारे बिअरचे खरे जाणकार आहेत आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. लंडनच्या ब्रिक लेनमधली ट्रूमन्स १९८९ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये नाव परतले, तेव्हा बिअर दुसऱ्यांच्या ब्रुअरीत तयार होत होती.

पण हकीकत तिथे संपत नाही. जुन्या ट्रूमन्सचे यीस्ट १९५८ मध्ये राष्ट्रीय यीस्ट संग्रहात जमा झाले होते. हा संग्रह आज नॉरिचमध्ये आहे. २०१३ मध्ये लंडनच्याच हॅकनी विक भागात नवी ब्रुअरी उभी राहिली आणि तेच यीस्ट पुन्हा कामाला लागले. बिअरला फळांसारखा गंध किती येईल, गोडवा किती उरेल, हे बऱ्याच अंशी यीस्ट ठरवते. विटा ठरवत नाहीत.

जागा हीच कसोटी मानायची, तर ती सर्वांना लावा. बर्टनच्या बास ब्रुअरीचे नाव कधीच पुसले गेले नाही. मात्र २००० मध्ये बासचा बिअर व्यवसाय इंटरब्रू कंपनीने घेतला, २००२ मध्ये ब्रुअरी कूर्स कंपनीकडे गेली, नाव इंटरब्रूकडेच राहिले आणि पुढे पिंपातली बास मार्स्टन्स ही तिसरी कंपनी करू लागली. घर एकाचे, नाव दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचे! तरी तिला नकली कोण म्हणतो? नाव अखंड चालले म्हणून जे क्षम्य, ते खंड पडला म्हणून गुन्हा कसे होते?

ब्रेकस्पिअरचे उदाहरण तर आक्षेपाच्या मुळावरच येते. तिची हेन्लीतली ब्रुअरी २००२ मध्ये बंद झाली. तिथे किण्वन सुरू झालेला धान्याचा रस वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात सोडत. गाळ वर राही आणि रसाला हवा मिळे. ती भांडी विटनीला नेली गेली आणि २००४ पासून तिथे त्याच रीतीने बिअर होऊ लागली. गाव बदलले, रीत टिकली.

ज्यांनी केवळ लेबल उचलले, त्यांना खुशाल दोषी ठरवा. पण यीस्ट, भांडी आणि रीत ज्यांनी जपली, त्यांना त्याच पिंजऱ्यात उभे करू नका. विटनीची ब्रुअरीही २०२३ मध्ये बंद झाली. ती नाव जपणाऱ्यांनी बंद केली नाही, मालक कंपनीने केली. वाचकहो, आरोपी कोण, ते आता तुम्हीच ठरवा.