थोरल्या सेंट बर्नार्डच्या खिंडीत

महाविद्यालयात इतिहास शिकवण्यास आम्हांस तीस वर्षे होत आली, आणि या तीस वर्षांत प्रतिवर्षी एकदा आम्ही नेपोलियनला आल्प्स पर्वत ओलांडावयास लावले आहे. हा प्रसंग आला म्हणजे वर्गात दाविदचे सुप्रसिद्ध चित्र दाखवावयाचे, हा आमचा परिपाठ. मागच्या पायांवर उभा राहिलेला उमदा घोडा, वाऱ्यावर फडकणारा झगा, शिखराकडे रोखलेला हात, आणि पायाखालच्या खडकांवर कोरलेली तीन नावे : बोनापार्ट, हॅनिबल आणि शार्लमान. ते पाहून मुले क्षणभर स्तब्ध होतात, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही होत असू. गेल्या वर्षी जुलै महिन्यात ती खिंड स्वतःच्या पायांनी चढून जाण्याचा योग आम्हांस आला. त्या एका दिवसाने आमच्या व्याख्यानाचा तो भाग कायमचा बदलला. तो कसा, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेख.

स्वित्झर्लंडमधील व्हाले प्रांत आणि इटलीतील ऑस्ताचे खोरे यांना जोडणारी ही खिंड समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीवर आहे. याच नावाची दुसरी, कमी उंचीची खिंड नैर्ऋत्येस असल्यामुळे हिला थोरली म्हणतात. १९०५ पासून खिंडीवरून गाडीरस्ता आहे. आणि १९६४ साली डोंगराच्या पोटातून जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाल्यापासून, ज्याला केवळ पलीकडे जावयाचे आहे त्याला वर चढण्याचे कारणच उरलेले नाही. आम्हांस पलीकडे जावयाचे नव्हते. म्हणून अलीकडच्या बूर-सँ-पिएर या गावी रात्र काढून सकाळी साडेसहाला आम्ही पायी निघालो. गाव १,६३२ मीटरांवर आहे. चढ आठशे मीटरांहून थोडा अधिक आणि वाट बारा-तेरा किलोमीटरांची. ज्याचा सारा व्यायाम फळ्यापासून टेबलापर्यंतच्या येरझारांत संपतो अशा पन्नाशी उलटलेल्या गृहस्थास एवढे पुष्कळ झाले.

गाव सोडण्यापूर्वीच इतिहासाने आम्हांस दोनदा थांबवले. चर्चजवळ रोमन काळचा एक मैलाचा दगड उभा आहे. तो सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळचा. दुसरी गोष्ट एका थकलेल्या देण्याची. १८०० सालच्या मे महिन्यात फ्रेंच सैन्य येथून गेले, तेव्हा गावकऱ्यांची झाडे तोडली गेली, खेचरे नेली गेली, भांडीकुंडी गेली, आणि माणसे तोफा ओढण्यास लावली गेली. सर्व भरपाई करू, असे नेपोलियनने लेखी आश्वासन दिले. परंतु पुरती रक्कम गावाच्या हाती कधीच पडली नाही. गाव तो कागद जपून राहिले. अखेर १९८४ साली फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी गावास एक स्मृतिचिन्ह अर्पण करून हा व्यवहार मिटवला. आमच्या वर्गातील चित्रात या गावाला जागा नव्हती.

पहिले तीन तास वाट सुखाची होती. धरणाच्या पाण्याचा हिरवा विस्तार, गुरांच्या गळ्यांतील घंटा, आणि सावकाश मागे पडत जाणारी झाडे. पुढे झाडे संपली आणि खडक लागला. शेवटच्या चढणीच्या घळीला तिकडे ‘मृतांची घळ’ म्हणतात. कारण हिवाळ्यात दोन्ही अंगांनी येथे बर्फाचे कडे कोसळतात. जुलैचा महिना असल्यामुळे त्या नावाचे आम्हांस थोडे हसूच आले. पण घळीच्या मध्यावर असताना वरून धुके उतरले, आणि पाच मिनिटांत दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. वाटेच्या खुणा खडकांवर रंगवलेल्या आहेत. पण खूण दिसावयास आधी खडक दिसला पाहिजे! एक खूण चुकली, मग वाटही चुकली. अर्धा तास आम्ही एका दगडाच्या आडोशाला बसून राहिलो. अंगातील घाम थंड झाला, बोटे आखडली, आणि विद्वत्तेचा उपयोग किती थोडा असतो हे लख्ख कळले. पुढे धुके विरले, आणि वाट आमच्यापासून अवघ्या तीस-चाळीस हातांवर असल्याचे दिसून आले. तेव्हा आम्ही हसलो नाही.

खिंडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर प्रथम जे दिसते ते धर्मशाळेचे उंच, करडे, निरलंकार घर. ऑस्ता येथील धर्माधिकारी बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात, सुमारे १०५० साली, ही धर्मशाळा स्थापन केली. त्यापूर्वीच्या शतकात ही वाट लुटारूंच्या हाती गेलेली होती. ९७२ साली क्लुनी मठाचे अधिपती मायोलस यांनाच सारासेन टोळ्यांनी या वाटेवर पकडून खंडणी घेतली होती. तेव्हापासून आजतागायत येथे ऑगस्टिनियन पंथाचे मठवासी राहतात, आणि येणाऱ्यास त्याचा धर्म वा देश न विचारता आसरा देतात. हिवाळ्यात रस्ता कित्येक महिने बंद असतो. त्या काळीही घर उघडेच असते. आम्ही आत गेलो, गरम सूप घेतले आणि हात शेकले. अर्ध्या तासाच्या धुक्यानंतर त्या उंबऱ्याचे मोल आम्हांस कळले. मग तीन दिवस वादळात सापडलेल्या फेरीवाल्यास ते किती वाटले असेल!

हरवलेल्यांचा शोध घेण्यासाठी मठवासी पुढे कुत्र्यांचे साहाय्य घेऊ लागले. त्यांतील ‘बॅरी’ हा सर्वांत विख्यात. त्याने चाळिसांहून अधिक माणसे वाचवली असे सांगतात. तो १८१४ साली बर्न येथे मेला, आणि तेथील संग्रहालयात त्याचे पेंढा भरलेले शरीर आजही आहे. त्या कुत्र्यांच्या गळ्यात मद्याचे पिंप असे, ही मात्र चित्रकारांची कल्पना. जे वाचले नाहीत त्यांच्यासाठी धर्मशाळेशेजारी एक प्रेतघर होते. येथील जमिनीत खणणे शक्य नव्हते, म्हणून अनोळखी देह तेथे ठेवीत; थंडीने ते वर्षानुवर्षे तसेच राहत. डिकन्सने ‘लिट्ल डॉरिट’ या कादंबरीत या घराचे वर्णन केले आहे.

धर्मशाळेपासून थोड्याच अंतरावर, इटलीच्या बाजूस, एक सपाट जागा आहे. तेथे रोमन काळी पोएनिनस या पर्वतदेवाचे देऊळ होते. पुढे रोमनांनी त्याला आपला ज्युपिटर मानले. घाट तेथे जकात हा न्याय नाणेघाटाच्या वाटेने गेलेल्या मराठी वाचकास नवा नाही. तोच येथेही होता. व्यापारी मोठ्या धोक्याने आणि भारी जकात भरून ही वाट चालतात, म्हणून ती मोकळी करण्यास सीझरने इ. स. पू. ५७ मध्ये आपला सरदार गाल्बा याला पाठवले. तो खाली मार्तिन्यीच्या खोऱ्यात लढून परत फिरला. खिंडीचे ‘पोएनिन’ हे नाव प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या लोकांवरून पडले, आणि म्हणून हॅनिबल येथूनच गेला, असा समज त्या काळीही होता. लिव्हीने तो तेव्हाच खोडून काढला : नाव देवाचे आहे, शत्रूचे नव्हे. शार्लमानने ७७३ साली लोंबार्ड राज्यावर स्वारी केली, तेव्हा या खिंडीने त्याचा काका बर्नार्ड गेला. राजा स्वतः मों-सनीच्या खिंडीने उतरला. दाविदने खडकावर कोरलेल्या तीन नावांपैकी दोन अशी सैल आहेत.

तिसऱ्याचे काय? १८०० सालचा तो मे महिना. पुण्यास नाना फडणविसांचा अंत होऊन दोनच महिने झाले होते. सुमारे चाळीस हजारांचे सैन्य काही दिवसांत ही खिंड ओलांडून गेले. तोफांच्या नळ्या पोखरलेल्या झाडांच्या खोडांत घालून माणसांनी ओढल्या. मठवाशांनी येणाऱ्या शिपायांस भाकरी, चीज व मद्य वाटले. नेपोलियन २० मे रोजी आला, तो घोड्यावर नव्हे, तर खेचरावर बसून. आणि लगाम होता बूर-सँ-पिएरच्या दोर्साझ नावाच्या तरुण वाटाड्याच्या हाती. पुढे सुमारे अर्धशतकाने दलारोश या चित्रकाराने ते खेचर रंगवले. १४ जूनला मारेंगोची लढाई झाली. तिच्यात पडलेला सेनापती देझे याला पुढे याच धर्मशाळेच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. विजेत्याचा सेनापतीही शेवटी मठवाशांच्याच छपराखाली आला.

धर्मशाळेच्या संग्रहालयात काशाच्या लहान लहान पट्ट्या ठेवलेल्या आहेत. देवळाच्या जागी उत्खननात सापडलेल्या या पट्ट्या शिपायांनी, व्यापाऱ्यांनी आणि गुलामांनी देवाला वाहिलेल्या. कित्येकांवर मजकूर जवळजवळ एकच : जाण्यासाठी आणि परतण्यासाठी केलेला नवस अमक्याने आनंदाने फेडला. त्यांच्यापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. शेवटची बस चुकेल या भीतीने तेथून निघावे लागले.

यंदा वर्गात आम्ही दाविदचे चित्र दाखवले, मग दलारोशचे, आणि शेवटी त्या पट्टीचे छायाचित्र. त्या मजकुराचा अर्थ सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, जे परतले नाहीत त्यांच्या पट्ट्या कुठे आहेत?” आम्ही म्हणालो, “त्यांच्या पट्ट्या नाहीत. नवस परतलेल्यानेच फेडावयाचा असतो.” एवढे बोलून आम्हीच थबकलो, कारण तीस वर्षे आम्ही जो इतिहास शिकवला तो बहुतांशी परतलेल्यांच्याच पट्ट्यांवरून लिहिलेला होता. घंटा झाली होती. तरी आम्ही वर्ग सोडला नाही. खडू घेतला आणि फळ्यावर त्या घळीचे नाव लिहिले.