जनरल थोरात : अधिकार आणि सल्ला

वढू बुद्रुक येथें छत्रपति संभाजीमहाराजांची समाधि आहे आणि तेथून जवळच कोरेगांवचें रणक्षेत्र आहे. 1 जानेवारी 1818 रोजीं त्या रणांत कंपनीच्या बाजूनें लढले ते बहुतेक एतद्देशीय शिपाई, व त्यांत महारांची संख्या मोठी होती. हुकूम मात्र कॅप्टन स्टाँटन व त्याचे गोरे सहकारी देत. शौर्य एकाचें आणि अधिकार दुसऱ्याचा, ही व्यवस्था पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. ती मोडणाऱ्या पिढींतील अग्रणी मराठी सेनानी म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

कोल्हापूरकडील वडगांव येथें 1906 सालीं त्यांचा जन्म झाला. सँडहर्स्ट येथें शिक्षण घेऊन 1926 सालीं ते सैन्यांत अधिकारी झाले. हिंदी मनुष्यास लढतां येतें, पण लढवितां येत नाहीं, असा तेव्हां साहेबलोकांचा दृढ समज होता. त्यास उत्तर मिळालें तें ब्रह्मदेशांत, 1945 च्या आरंभीं. अराकानांतील कांगावच्या घनघोर लढाईंत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचें नेतृत्व थोरात, थिमय्या व सेन या हिंदी अधिकाऱ्यांकडे होतें. तिघांसही डी. एस. ओ. हा मान मिळाला.

कोरियांतील कामगिरी निराळ्या धैर्याची होती. मायदेशीं परतण्यास नाखूष अशा 22,000 हून अधिक चिनी व कोरियन युद्धकैद्यांचा सांभाळ 1953 सालीं थोरातांच्या हाताखालील भारतीय दलाकडे आला. येथें शत्रु जिंकावयाचा नव्हता. दोन्ही पक्षांचा रोष सोसून निःपक्षपात राखावयाचा होता.

1957 पासून ते लखनौस पूर्व विभागाचे सेनापति होते. चिनी सैन्य ईशान्य सीमेवर उतरल्यास काय घडेल याचा आराखडा त्यांनीं 1959 सालीं वर पाठविला आणि 1960 च्या मार्चांत ‘लाल किल्ला’ नांवाच्या सरावांत तो सहकाऱ्यांपुढें मांडला. दुर्गम सीमेवरील विरळ ठाणीं टिकणार नाहींत; जेथें रसद पोंचेल तेथेंच खरा प्रतिकार करावा, असा त्याचा मथितार्थ. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस ही भीति अवाजवी वाटली. 1961 सालीं थिमय्यांनीं आपल्या जागीं थोरातांची शिफारस केली, परंतु नेमणूक थापर यांची झाली. थोरात त्याच सालीं निवृत्त झाले, आणि 1962 च्या ऑक्टोबरांत त्यांचें भाकित दुर्दैवानें खरें ठरलें.

लोकशाहींत अंतिम निर्णय मुलकी सत्तेचाच असला पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. थोरातांनींही ती मर्यादा कधीं ओलांडली नाहीं. परंतु ज्याच्या हातीं निर्णय, त्याच्या माथीं ऐकून घेण्याचें कर्तव्यही असतें. कोरेगांवच्या शिपायास अधिकार नव्हता. थोरातांस तो लाभला, पण त्यांचा शब्द ऐन वेळीं ऐकला गेला नाहीं. आणि त्याची किंमत हिमालयाच्या बर्फांत साध्या शिपायासच द्यावी लागली.